मोडीचा वर्ग झाला, आता कागद वाचायचा कसा?

मोडी लिपीचे वर्ग सध्या गावोगाव भरतात. पुराभिलेख संचालनालयाचे आठ-दहा दिवसांचे वर्ग असतात, भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्था शिकवतात, आणि ऑनलाइन वर्गही भरपूर आहेत. निवृत्त शिक्षक, बँकेतली माणसं, शेतकरी, वकील, गृहिणी असे सगळे त्यांत हौसेने बसतात. बाराखडी येते, परीक्षा होते, प्रमाणपत्र मिळतं. मग घरच्या ट्रंकेतला पणजोबांच्या वेळचा कागद बाहेर निघतो आणि पहिल्या ओळीतलं एक अक्षरही लागत नाही. पुष्कळ जण तिथेच थांबतात. 'आपलं वय झालं' असं समजून वही मिटवतात.

वयाचा इथे काही संबंध नाही. चुकतो तो क्रम. वर्गात अक्षरओळख होते. वाचन त्यानंतर सुरू होतं आणि ते कागदावर बसूनच येतं. तो टप्पा कोणत्या क्रमाने पार करायचा, एवढंच इथे सांगतो.

१. कागदाला हात लावण्याआधी

जुना कागद हे अभ्यासाचं साहित्य नाही. अभ्यास फोटोवर करायचा आणि मूळ कागद शक्य तितक्या कमी वेळा उघडायचा.

दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, फ्लॅश बंद ठेवून फोटो काढा. आधी पूर्ण पानाचा एक फोटो, मग वरून खाली तीन-चार तुकड्यांत जवळून. तुकडे एकमेकांवर थोडे चढले पाहिजेत, नाहीतर मधली एखादी ओळ नेमकी निसटते. कागदाची मागची बाजूही घ्या. पत्ता, पोचल्याची नोंद, शिक्का यांतलं काहीतरी पुष्कळदा पाठीवर असतं. लांब गुंडाळी असेल तर कागद एकाखाली एक चिकटवून ती केलेली असते. त्या जोडांचे फोटो वेगळे घ्या, कारण जोडावरही शिक्का किंवा अक्षरं असू शकतात. प्रत्येक फोटोला नाव द्या: कागद १ पुढची बाजू, कागद १ मागची बाजू, याप्रमाणे. गठ्ठ्यात कागद ज्या क्रमाने होते तो क्रम मोडू नका. एकत्र बांधलेले कागद बहुधा एकाच व्यवहाराचे असतात.

सावधान: लॅमिनेशन करू नका. सेलोटेप लावू नका. बोटाला थुंकी लावून पान उलटू नका. घडी कडक झाली असेल तर जोर लावून उघडू नका, जाणकाराला दाखवा. लॅमिनेशन केलेला कागद पुन्हा मोकळा करताना फाटतो, आणि तोवर आत कोंडलेली ओल त्याला खात राहते.

याबरोबर लागतं ते थोडंच. आखीव वही, पेन्सिल, वर्गात मिळालेला तक्ता आणि फोटो मोठा करून पाहता येईल असा पडदा. मोबाईलपेक्षा संगणकाचा पडदा बरा, कारण ओळ आणि तिच्या वर-खालच्या ओळी एकत्र दिसतात.

२. आधी लिहा, मग वाचा

मोडी वाचायची आहे, लिहायची कशाला, असं पुष्कळांना वाटतं. पण मोडीचा लेखक हात न उचलता लिहीत जातो. एका अक्षराचं शेपूट पुढच्या अक्षराचं तोंड होतं. ही ओढ डोळ्यांनी कळत नाही, हातानेच कळते. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे रोज वीस मिनिटं लिहा.

लिहिताना जुन्या लेखकांप्रमाणे आधी पूर्ण रेघ ओढा आणि अक्षरं तिला लटकवा. बाळबोधीसारखं (म्हणजे आपल्या देवनागरीसारखं) शब्द लिहून डोक्यावर रेघ देऊ नका. शब्दांत जागाही सोडू नका. विरामचिन्हं टाकू नका. घरच्यांची नावं, गावाचं नाव, पाढे, एखादा पाठ असलेला श्लोक, काहीही चालेल. ऱ्हस्व-दीर्घाचा विचार करायचा नाही, मोडीत तो भेद पाळलेला नसतो. बोरू (काडी तासून केलेली लेखणी) मिळाला तर उत्तम, कारण जाड-बारीक कुठे आणि का होतं ते समजतं. नसेल तर साधं पेन चालेल.

बाराखडीची सवय विशेष करा. वर्गात मूळ अक्षरं घोटली जातात, पण कागदावर मूळ अक्षर एकटं क्वचित येतं. काना, उकार, रफार लागला की कित्येक अक्षरांचं रूप बदलतं, आणि नवशिके अडतात ते याच जागी.

तपासा: आठ दिवसांपूर्वी स्वतः लिहिलेलं पान आज न अडखळता वाचता येतंय का? येत नसेल तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

३. पहिला कागद घरचा नको

सगळ्यात जास्त लोक चुकतात ते इथे. घरच्या कागदाची ओढ असते, त्यामुळे पहिला हात त्यालाच घातला जातो. घरोघरी सापडतात ते कागद बहुतेक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले किंवा विसाव्याच्या आरंभीचे असतात: खरेदीखतं, गहाणखतं, पावत्या, कुलकर्ण्याच्या दप्तरातली पानं. कागद जितका अलीकडचा तितका सोपा, असं आपण धरून चालतो. मोडीत पुष्कळदा उलटं असतं. पेशवाईतल्या कारकुनाचं बोरूचं वळण घोटीव आणि सारखं असतं. इंग्रजी अमलात टाक (निबाची लेखणी) आला, कामाची घाई आली, आणि अक्षर बारीक, गिचमिड झालं. एकाच नोंदवहीत चार लेखकांचे हात सापडतात.

म्हणून पहिला कागद असा निवडा की ज्याचं बाळबोध लिप्यंतर आधीच छापलेलं आहे. मोडी शिकवणाऱ्या पुस्तकांत एका पानावर मूळ कागदाचं छायाचित्र आणि समोर लिप्यंतर अशी जोडी असते. उत्तर पेशवाईतलं, एखाद्या चांगल्या कारकुनाने लिहिलेलं छोटं पत्र घ्या. दहा-बारा ओळी पुष्कळ झाल्या.

लिप्यंतर झाका. एक ओळ वाचा, वहीत उतरवा, मग उघडून ताडून पाहा. चूक निघाली तर नुसतं 'बरोबर काय' एवढ्यावर थांबू नका. कोणतं अक्षर कोणतं वाटलं, तेही लिहा. अशी चुकांची यादी महिनाभर ठेवलीत तर तुमचा डोळा नेमका कुठे फसतो ते कळेल. प्रत्येकाची यादी वेगळी निघते, त्यामुळे दुसऱ्याची तयार यादी घेऊन उपयोग होत नाही.

एकाच हाताचे पाच-सहा कागद सलग वाचा. रोज नवा लेखक घेतला की डोळा कुठेच स्थिरावत नाही.

४. मायना ही किल्ली

आता लिप्यंतर नसलेला कागद. इथे बहुतेक जण पहिल्या अक्षरापासून एकेक अक्षर सोडवत जातात आणि दुसऱ्या ओळीपर्यंत थकतात. असं करू नका.

जुन्या पत्रांचा आरंभ, म्हणजे मायना, आणि शेवट ठरलेला असतो. वर 'श्री'. त्याखाली 'राजश्री' किंवा 'अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री', मग नाव, मग 'गोसावी यांसि'. पुढे 'नमस्कार विनंती उपरी येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जाणे विशेष'. शेवटी 'बहुत काय लिहिणे हे विनंती' किंवा वरिष्ठाकडून आलेलं पत्र असेल तर 'जाणिजे'. अशी चार-पाच पत्रं वाचली की हे सगळं तोंडपाठ होतं.

मग गंमत अशी होते की अनोळखी कागदातल्या पहिल्या दोन ओळी तुम्हाला न वाचताच ठाऊक असतात. त्या ओळी घ्या आणि उलट काम करा. 'राजमान्य' इथे आहे हे नक्की, तर या लेखकाचा 'ज' असा, 'म' असा, त्याचा 'न्य' असा. 'लक्ष्मी'वरून त्याचं जोडाक्षर मिळालं. 'कुशल'वरून त्याचा उकार मिळाला. वहीच्या एका पानावर त्या लेखकाची अक्षरं त्याच्याच वळणात उतरवून घ्या. दोन ओळींत निम्मी-अधिक अक्षरं हाती येतात, आणि मग मधला मजकूर सोडवायला बसा.

खरेदीखतात हेच काम चतुःसीमा करते. पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस, उत्तरेस हे शब्द कुठेतरी ओळीने येणारच. ते आधी शोधा. 'लिहून घेणार', 'लिहून देणार', 'राजीखुशीने', 'सदरहू', 'कारणे' हेही ठरलेले. घरच्या कागदात माणसांची आणि गावाची नावं तुम्हाला आधीच माहीत असतात, तीही अशीच वापरा.

सावधान: किल्ली आणि अंदाज यांत फरक आहे. जे असणारच ते धरून अक्षरं काढणं ही किल्ली. जे असावं असं आपल्याला वाटतं ते कागदावर लादणं हा अंदाज. आडनाव, जात, जमिनीचं क्षेत्र आणि रक्कम या चार ठिकाणी अंदाज कधीही करू नका.

५. तारीख आणि आकडे

वर्गात या भागाला बहुधा शेवटचा तास मिळतो, आणि कागदाचा निम्मा अर्थ याच भागात असतो. इथे घाई नको.

मराठेशाहीतल्या कागदांवर वर्ष पुष्कळदा शुहूर सनात, म्हणजे तेव्हाच्या एका कालगणनेत, अरबी संख्याशब्दांत येतं. क्रम एकक, दशक, शतक, सहस्र असा. एककं: इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा. दहा म्हणजे अशर. पुढे अशरीन, सलासीन, अर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन म्हणजे वीस ते नव्वद. मया म्हणजे शंभर, मयातैन दोनशे, अलफ हजार. हे पाढ्यांसारखं पाठच करा, दुसरा उपाय नाही.

उदाहरण घ्या. 'सु॥ इहिदे सितैन मया व अलफ'. 'सु॥' म्हणजे शुहूर सन. एक, साठ, शंभर, हजार: ११६१. शुहूर वर्ष मृगाच्या सुमारास बदलतं. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या कागदाला ६००. म्हणजे ११६१ हे वर्ष १७६० च्या मृगापासून १७६१ च्या मृगापर्यंत चाललं. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, ती याच सालात येते. शकात पाहायचं तर पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. शकाला चैत्रापासून डिसेंबरपर्यंत ७८ आणि त्यापुढे फाल्गुनअखेर ७९ मिळवतात, उत्तर तेच येतं.

चुका कुठे होतात? सबा आणि सबैन, सीत आणि सितैन, तिसा आणि तिसैन यांत. आणि मयातैनचं 'तैन' वाचायचं राहिलं तर कागद एका झटक्यात शंभर वर्षं मागे जातो. वर्ष काढल्यावर विचारा: पत्रातला माणूस त्या साली हयात होता का? त्या पदावर होता का? जुळत नसेल तर तारीख पुन्हा वाचा.

महसुली कागदांवर फसली सन, म्हणजे महसुली वर्ष, दिसतो. दख्खनच्या फसलीला ५९० किंवा ५९१ मिळवतात. शिवछत्रपतींच्या राजाभिषेकापासूनचा शक असेल तर त्याचं पहिलं वर्ष १६७४ चं. 'छ' हे अक्षर आणि पुढे आकडा, मग रजब, साबान, जिल्काद असं काही आलं तर तो मुसलमानी महिन्यातला चंद्र, म्हणजे तिथी. तो इंग्रजी तारखेत आणायला जंत्री (तारखा जुळवायचं कोष्टक) लागते, तोंडी हिशेब करू नका.

आता रकमा. रुपयाचे सोळा आणे. एक उभी रेघ (।) म्हणजे पाव रुपया, चार आणे. दोन (॥) म्हणजे अर्धा. तीन (॥।) म्हणजे पाऊण. त्यापुढच्या आडव्या रेघा म्हणजे एकेक आणा. तेव्हा '५॥=' म्हणजे पाच रुपये दहा आणे. नवशिके फसतात ते यामुळे की तीच दुहेरी उभी रेघ शब्दासमोर आली तर संक्षेपाची खूण असते: सु॥ (शुहूर), रा॥ (राजश्री), मौ॥ (मौजे). आकड्यापुढे असेल तर अर्धा, अक्षरापुढे असेल तर शब्द तोडलेला. आणि 'ता॥' म्हणजे तर्फ की तालुके, हे कागदाचा काळ आणि संदर्भ पाहूनच ठरतं.

तपासा: हिशेबाच्या कागदात खाली बेरीज दिलेली असते, ती स्वतः करून पाहा. '३।=' आणि '२॥-' म्हणजे तीन रुपये सहा आणे आणि दोन रुपये नऊ आणे. बेरीज पाच रुपये पंधरा आणे, म्हणजे '५॥।≡'. कागदावरच्या बेरजेशी जुळलं तर तुमचे आकडे बरोबर आहेत. शिकवणारा जवळ नसताना स्वतःची चूक पकडायला याहून चांगलं साधन नाही, म्हणून माझ्या मते दुसरा-तिसरा कागद हिशेबाचा घ्यावा. नीरस वाटतो, पण तो खोटं बोलू देत नाही.

६. लिप्यंतर, अर्थ, सारांश: तीन वेगळी पानं

कागद वाचून झाला की लोक थेट आजच्या मराठीत 'म्हणजे असं असं लिहिलंय' असं उतरवतात. पुढे शंका आली की मूळ शब्द काय होता ते सापडत नाही.

पहिल्या पानावर फक्त लिप्यंतर. कागदावरची एक ओळ म्हणजे तुमची एक ओळ, डावीकडे ओळींचे आकडे. शुद्धलेखन सुधारायचं नाही. 'पाणि' असेल तर 'पाणि'. शंका असलेल्या शब्दापुढे कंसात प्रश्नचिन्ह, न लागलेल्या अक्षरांच्या जागी टिंबं, फाटलेल्या जागी 'फाटले'. टिंबं राहिली तर त्यात कमीपणा नाही. भरून काढलेली टिंबं मात्र पुढच्या वाचकाला फसवतात.

दुसऱ्या पानावर शब्दांचे अर्थ. मशारनिल्हे म्हणजे वर उल्लेख केलेले गृहस्थ, दरोबस्त म्हणजे संपूर्ण, सालमजकूर म्हणजे चालू साल, पैवस्ती म्हणजे पत्र पोचल्याची नोंद. जुन्या फारसी-मराठी शब्दांचे कोश छापील मिळतात, एक जवळ ठेवा. मोजमापांना जपा. बिघा, पांड, खंडी, मण, पायली ही मापं मुलखागणिक बदलत. आजच्या एकरात किंवा किलोत आणण्याआधी त्या भागातलं त्या काळचं प्रमाण शोधा. ते सापडत नसेल तर 'दोन बिघे' हे 'दोन बिघे'च राहू द्या.

तिसऱ्या पानावर आजच्या मराठीत चार-पाच ओळींचा सारांश: कोणी, कोणाला, कधी, कशाबद्दल.

७. वाचन तपासून घेणं

दोन दिवस कागद बाजूला ठेवा, मग स्वतःचं लिप्यंतर न पाहता पुन्हा वाचा. ताज्या डोळ्यांना टिंबांतली दोन-तीन अक्षरं हमखास लागतात. त्यानंतर दुसऱ्या माणसाला दाखवा. दाखवताना तुमचं वाचन सांगू नका. 'इथे पाटील आहे ना?' असं विचारलंत की समोरच्यालाही पाटीलच दिसतो. फक्त फोटो द्या आणि त्याचं लिहून मागा.

वर्गातल्या चार-सहा जणांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावं. कागद एकच घ्यावा, वाचन प्रत्येकाने घरून लिहून आणावं, आणि जिथे फरक पडेल तेवढ्याच ओळी पडद्यावर लावून बोलावं. वर्ग संपल्यावर टिकतात ते बहुतेक असे बसणारेच.

८. आता कामाला लावा

घरचा कागद आता काढा. याच टप्प्यावर काढायचा होता.

तो संपला की गावाकडे वळा. तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालयांत, ग्रामपंचायतींत जुनी मोडी दप्तरं आहेत. जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी, म्हणजे गाव नमुना १४ किंवा कोतवाल बुक, कित्येक ठिकाणी मोडीत आहेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, त्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची गरज साऱ्या महाराष्ट्राला कळली. पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दप्तर, धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ, थेट तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातले भोसल्यांचे मोडी कागद, अशी ही व्याप्ती आहे. वाचणारे हात कमी आहेत आणि कागदाला कसर वाट पाहत थांबत नाही.

पण इथे दोन गोष्टी पाळा.

पहिली म्हणजे सरकारी किंवा कोर्टाच्या कामासाठी कोणाचं लिप्यंतर ग्राह्य धरतात, हे त्या कार्यालयात आधी विचारा. वर्गाचं प्रमाणपत्र तिथे चालेलच असं नाही. शेजाऱ्याच्या जमिनीच्या कागदाचं 'असं असं आहे' हे तोंडी सांगून मोकळं होऊ नका. त्या शब्दावर माणूस कोर्टात जातो. लेखी द्या, आणि शंकेची चिन्हं तशीच ठेवून द्या.

दुसरी म्हणजे कागदात जे निघेल ते सगळ्यांच्या सोयीचं असेलच असं नाही. कर्ज, गहाण, भाऊबंदकी, जातीची नोंद, काहीही निघतं. ज्याचा कागद त्यालाच आधी एकट्याला सांगा. समाजमाध्यमांवर टाकायचं की नाही हे त्याने ठरवायचं. आपलं काम अक्षर लावण्याचं.

फोटो, तिन्ही पानं आणि कागद कोणाकडे आहे याची नोंद एकाच नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि एक प्रत कागदाच्या मालकाला द्या. लिप्यंतर संगणकावर उतरवताना बाळबोधीतच उतरवा. मोडीला २०१४ पासून युनिकोडमध्ये जागा आहे आणि फॉन्टही मिळतात, पण लिप्यंतर करायचं ते मोडी न येणाऱ्यासाठी. मूळ मोडी अक्षर दाखवायचं असेल तर फोटोतला तेवढा तुकडा कापून शेजारी लावा. शंका असलेल्या शब्दाशेजारी तो तुकडा असला, की पाच वर्षांनी तुमच्याहून तयारीचा कोणी आला तर तेवढीच जागा उघडून दुरुस्ती करून जाईल.